प्लग नवे, झटके जुनेच

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमची 2009 ची सँट्रो झिंग आहे. सासऱ्यांनी घेतलेली, आता मीच चालवते. कराडहून पाटणजवळच्या शाळेत रोजचं जाणं-येणं. पाऊस सुरू झाल्यापासून गाडी पिकअप घेताना झटके मारते. जागेवर इंजिन अगदी शांत चालतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला चढावर पाय दाबला की हिसके सुरू. पाय सैल केला की थांबतात. सकाळी त्रास जास्त, दुपारी ऊन पडलं तर जवळजवळ नाहीच. मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी साफ केली, चारही प्लग बदलले. त्यानंतर पंधरा-वीस दिवस गाडी मस्त चालली, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो पेट्रोल पंप बदलू, त्यानेही नाही झालं तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर. शेजारचे काका म्हणतात, हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळे. इंजिनचा लाइट एकदाही लागलेला नाही. गणपतीत कुंभार्ली घाटाने चिपळूणला माहेरी जायचं आहे. खर्च करत राहू की गाडी काढून टाकू?

– एक वाचक, कराड

उत्तर

ताई, तुम्ही पत्र फार नीट लिहिलंय. झटके कधी येतात, कधी थांबतात, सकाळी काय, दुपारी काय, हे सगळं त्यात आहे आणि निदानाचं अर्धं काम त्यातच झालंय. गॅरेजमध्ये गाडी सोडताना बहुतेक लोक ‘झटके मारते, बघा’ एवढंच सांगतात. मग मेकॅनिक बॉनेट उघडतो, इंजिन चालू करतो, ते जागेवर शांत चालतं, आणि पुढचं सगळं अंदाजावर जातं. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालंय.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की प्लग बदलल्यावर पंधरा-वीस दिवस गाडी चांगली चालली. त्रास परत आला म्हणजे दोष प्लगचा नव्हता, असं समजून तुमचा मेकॅनिक पंपाकडे वळला. मला मात्र त्यातून वेगळंच दिसतं. पंप कमजोर असता तर नवे प्लग घालून पंधरा दिवसच काय, पंधरा मिनिटंही फरक पडला नसता. प्लग बदलून फरक पडला, म्हणजे दोष ठिणगीच्या बाजूला आहे. आणि ठिणगीच्या बाजूची जी वस्तू कुणी बदललेली नाही, ती म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या चार जाड वायरी. गॅरेजमध्ये त्यांना प्लग वायर, एचटी वायर किंवा लीड म्हणतात. माझा पहिला संशय त्यांच्यावर, आणि त्यांच्या टोकाला प्लगवर बसणाऱ्या रबरी कॅपवर आहे.

असं का, ते सांगते, कारण हे एकदा समजलं की मेकॅनिकशी तुम्हाला नेमकं बोलता येईल.

प्लगच्या दोन टोकांतली फट ओलांडायला ठिणगीला किती व्होल्ट लागतात, ते सिलिंडरमध्ये त्या क्षणी किती दाब आहे यावर ठरतं. जागेवर इंजिन चालू असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो, आत हवा कमी, दाब कमी. थोडक्या व्होल्टवर ठिणगी पडते. चढावर तुम्ही पाय दाबलात की थ्रॉटल उघडतो, सिलिंडर भरून हवा आत येते, दाब वाढतो, आणि तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. कॉइल ते द्यायला तयार असते. पण वाटेत लीडचं इन्सुलेशन चिरलेलं किंवा कॅप कडक झालेली असेल, तर वीज प्लगच्या फटीतून जायच्या ऐवजी तिथूनच बाहेर पडून इंजिनच्या लोखंडाकडे पळते. पाटाला पाणी कमी असताना बांध टिकतो आणि पाणी चढलं की जिथे उंदराचं बीळ असेल तिथूनच फुटतो, तसाच हा प्रकार. ठिणगी हुकली की त्या सिलिंडरचा तेवढा धक्का गेला. चारातला एक सिलिंडर मध्येच गप्प बसतो, पुन्हा लागतो, पुन्हा गप्प. यालाच गॅरेजमध्ये मिसिंग म्हणतात, आणि सीटवर बसलेल्या माणसाला ते झटके म्हणून जाणवतं. पाय सैल केलात की दाब उतरतो, ठिणगी पुन्हा नीट पडते, झटके थांबतात. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

सकाळ-दुपारच्या फरकाचंही कारण इथेच आहे. लीडवर वर्षानुवर्षांची धूळ आणि तेलकट थर बसलेला असतो. कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसाळी सकाळी त्यावर दमट हवेची ओल धरली की तो थर वीज वाहू देतो. दुपारी इंजिनच्या उष्णतेने आणि उन्हाने वाळला की गळती कमी होते. पंपाला किंवा ईसीएमला सकाळच्या ओलीशी असं काही देणंघेणं नसतं.

मग नव्या प्लगांनी पंधरा दिवस कसे काढले? प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून वीज खाली धातूपर्यंत घसरायला लागली की मागे कार्बनची एक बारीक काळी वाट उरते. नंतरची वीज त्याच वाटेने सहज जाते. ही वाट चिनी मातीवरही असते आणि कॅपच्या आतल्या रबरावरही. नवा प्लग गुळगुळीत आणि स्वच्छ असतो, शिवाय त्याच्या टोकाच्या कडा धारदार असल्याने ठिणगीला कमी व्होल्ट पुरतात. त्यामुळे काही दिवस बरे जातात. पण कॅप जुनीच असेल तर तिच्यातली ती वाट हळूहळू नव्या प्लगवरही उमटते आणि गाडी परत पहिल्या जागी येते. म्हणून जुन्या गाडीत प्लग बदलताना लीड न तपासणं हे अर्धवट काम. आणि म्हणूनच तुम्हाला एक नकोसं सांगावं लागतंय, की ते नवे प्लगही कदाचित पुन्हा बदलावे लागतील. पण बघितल्याशिवाय नाही.

बघायचं कसं, तर इंजिन पूर्ण गार असताना. कॅप ओढताना वायर धरू नका, कॅपच धरा, थोडी डावी-उजवीकडे फिरवा आणि मग सरळ ओढा. वायर धरून ओढली तर आतला कार्बनचा धागा तुटतो आणि चांगली लीडही वाया जाते. प्लग बाहेर काढून उजेडात त्याचा पांढरा भाग अगदी जवळून बघा. वरच्या टोकापासून खालच्या धातूपर्यंत उतरणारी उभी काळी रेघ दिसली तर संशय खरा. ती पुसून जात नाही. पुसली गेल्यासारखी वाटली तरी राहते, तो प्लग टाकायचाच. मात्र धातूच्या कडेलगत चिनी मातीवर तपकिरी रंगाचा एक गोल डाग असतो, तो पाहून घाबरू नका. तो बहुतेक वापरलेल्या प्लगांवर येतो आणि त्याने काही बिघडत नाही. उभी रेघ वाईट, आडवं तपकिरी वलय निरुपद्रवी, एवढं लक्षात ठेवा. नंतर कॅपच्या आत टॉर्च मारा. करपलेला पांढुरका ठिपका, केसासारखी चीर, आतल्या धातूच्या क्लिपवर हिरवट गंज, यातलं काहीही दिसलं तर ती लीड गेली.

दुसरी तपासणी रात्रीची. गाडी उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट उघडं, आसपास अंधार. इंजिन चालू करून झाडांवर पाणी फवारायच्या छोट्या बाटलीने लीडवर अगदी बारीक तुषार मारायचा, धार नाही. गळती असेल तर निळसर ठिणग्या चटचट आवाज करत दिसतात आणि इंजिन तिथल्या तिथे अडखळायला लागतं. हे करताना लीडला हात लावायचा नाही, त्यात हजारो व्होल्ट असतात. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस बेल्ट आणि पंख्यापासून लांब ठेवायचे. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी चालू इंजिनच्या इतक्या जवळ उभं राहू नये. मेकॅनिककडून करून घेतलंत तर अधिक चांगलं, पण तुम्ही स्वतः शेजारी उभं राहून बघाच.

काही जण लीडला मल्टिमीटर लावतात आणि आकडा बरोबर आला की लीड चांगली म्हणून मोकळे होतात. मीटरचा उपयोग आहे, पण अर्धाच. लीडचा रोध किलोओहममध्ये येतो, लांब लीडचा जास्त, आखूड लीडचा कमी. चारांत एकीचा आकडा भलताच वेगळा आला, किंवा वायर हलवली की आकडा उडतो, तर ती आतून तुटलेली आहे. पण मीटर चालतो छोट्याशा बॅटरीवर. इन्सुलेशनमधून हजारो व्होल्टवर होणारी गळती त्याला दिसूच शकत नाही. म्हणून ‘मीटरवर ओके आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

जुन्या गॅरेजमध्ये आणखी एक सवय असते. इंजिन चालू ठेवून एकेक लीड उपटायची आणि कुठल्या सिलिंडरने आवाज बदलत नाही ते बघायचं. ते करू देऊ नका. उपटलेल्या लीडमधली वीज कुठेतरी जाणारच, ती माणसाला झटका देते किंवा कॉइलचं इन्सुलेशन फोडते. सिलिंडर तपासायचाच असेल तर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून तेच काम बिनधोक होतं.

कॉइलही एकदा नजरेखालून घाला. तुमच्या गाडीत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल अशी जोडी असते, 1 आणि 4 ची एक, 2 आणि 3 ची एक. म्हणून जोडीतले दोन्ही सिलिंडर एकदम मिसिंग करत असतील तर कॉइलवर संशय घ्यायचा. एकच करत असेल तर त्याची लीड, प्लग किंवा इंजेक्टर. लीड जिथे कॉइलला लागते त्या मनोऱ्यांवर चीर किंवा करपल्याची खूण आहे का ते बघा. तिथलं सगळं स्वच्छ असेल तर कॉइल बदलायची घाई नको.

लीड बदलायच्या ठरल्या की चारही एकदम बदला, एकीच्या वयाच्याच बाकीच्या तीन आहेत. चांगल्या कंपनीच्या घ्या, सीलबंद पाकिटातल्या, बिलासह. या मालात नकली फार असतो आणि नकली लीड पहिल्याच पावसाळ्यात दगा देते. बदलताना एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मग दुसरी. चारही एकदम उपटल्या तर क्रम चुकतो; या इंजिनाचा क्रम 1-3-4-2 आहे आणि लीड उलटसुलट झाल्या तर गाडी आणखीच भयंकर चालेल. कॅपच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवायला सांगा, ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी कॅप सहज निघते. वायरी त्यांच्या मूळ क्लिपमध्येच बसवायच्या, इंजिनच्या गरम लोखंडावर लोळत ठेवायच्या नाहीत. प्लगची फट साधारण 1.0 ते 1.1 मिलिमीटर. नवे प्लगसुद्धा फीलर गेजने मोजूनच लावायला सांगा. पाकिटातून काढला आणि पिळला असं नको.

आता पंपाचं. पंप बिघडतच नाही असं माझं म्हणणं नाही, पण त्याच्या बिघाडाची चाल वेगळी असते. लांबच्या चढावर गाडी आधी मलूल होते, ओढ कमी कमी होत जाते, आणि मग अडखळते. रिझर्व्हवर चालवताना किंवा कडक उन्हात जास्त. ओलसर सकाळी वाईट आणि कोरड्या दुपारी चांगली, असं पंप वागत नाही. तरीही मेकॅनिक पंपावर ठाम असेल तर त्याला एकच म्हणा: आधी प्रेशर गेज लावा. अशा इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा दाब साधारण 3 ते 3.5 बारच्या आसपास असतो. तो नुसत्या उभ्या गाडीत न बघता, गेज बांधून चढावर नेऊन, पाय दाबलेला असताना टिकतो का ते बघायचं. दाब पडला तर पंप किंवा त्याची चाळणी तुंबलेली, आणि मग जरूर बदला. दाब टिकला तर ते पैसे वाचले. गेज नाही म्हणून पंप बदलून बघू, असं म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी दुसरीकडे न्या. आणि टाकी पाव भागाच्या खाली नेत राहू नका; पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो.

लीड बदलूनही झटके उरलेच तर पुढचा संशय टीपीएसवर, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर किती दाबलाय ते ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरवर. त्याच्या आत एक पट्टी असते आणि त्यावरून काटा सरकतो. रोज चाळीस-पन्नासच्या वेगाने गाडी चालवली की पट्टीचा तोच भाग झिजतो. त्याचे झटके ओळखायची खूण म्हणजे ते चढ असो वा सपाटी, ओल असो वा ऊन, पाय ठराविक जागी आला की येतात आणि ती जागा ओलांडली की जातात. तपासायला मल्टिमीटर पुरतो. चावी ऑन, इंजिन बंद, सिग्नलच्या वायरवर मीटर, आणि पेडल अगदी सावकाश दाबायचं. व्होल्ट साधारण अर्ध्यापासून चार-साडेचारपर्यंत न अडखळता चढले पाहिजेत. मध्येच आकडा खाली पडून वर आला तर सेन्सर झिजलाय.

बाकीच्या गोष्टी पटकन. क्लच सोडतानाच गाडी थरथरत असेल आणि पुढे नीट चालत असेल तर तो क्लचचा प्रश्न, इंजिनचा नाही. पाय दाबताना आणि सोडताना एकेकदा ‘धड’ असा आवाज होत असेल तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ते धरून ठेवणारं रबर, बसलंय. थ्रॉटलच्या पुढचा व्हॅक्यूम पाइप फाटला असेल तर जागेवरचं इंजिनही स्थिर राहणार नाही. तुमचं शांत आहे, म्हणून तिकडे लक्ष नको. बॅटरीची आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलीय का ते मात्र बघून घ्या, त्यात खर्च काहीच नाही. आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली बसायला येतात. वायरिंगवर दातांच्या खुणा आहेत का तेही बघा. एअरफ्लो सेन्सर स्प्रेने धुवा असा सल्ला कुणी दिला तर तो सोडून द्या. या गाडीत हवा मोजायला मॅप सेन्सर असतो, तो वेगळा.

शेजारच्या काकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात फेब्रुवारी 2023 पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि तुमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून अॅव्हरेज थोडं कमी मिळतं. शिवाय त्यात ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर चांगला असेल तर ईसीएम थोडं पेट्रोल वाढवून ते सांभाळून घेतो. पातळ मिश्रण पेटवायला ठिणगीही जोरकस लागते, म्हणजे लीड आधीच कमजोर असेल तर या पेट्रोलवर तिचं दुखणं लवकर उघडं पडतं. पण दुखणं लीडचंच. चांगल्या लीड-प्लगवर तुमची गाडी केवळ या पेट्रोलमुळे असे झटके देणार नाही.

इथेनॉलची खरी काळजी पाण्याची आणि रबराची. इथेनॉल हवेतली ओल धरतं, आणि टाकीत पाणी जास्त झालं तर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, नेमकं जिथून पंप ओढतो तिथे. शंका असेल तर मेकॅनिककडून टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि उघड्या हवेत, विस्तवापासून लांब, तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून साफ करावी लागेल. थर नसेल तर तो विषय संपला. रबरी पेट्रोल पाइप मात्र इतक्या वर्षांनी तपासायलाच हवेत. बॉनेटखाली किंवा मागच्या सीटजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर झटक्यांच्या आधी ते काम करा, कारण तिथे आग लागण्याचा धोका असतो.

इंजिनचा लाइट लागत नाही म्हणजे इंजिन ठीक, हा निष्कर्ष तुमच्या गाडीला लागू होत नाही. आपल्याकडे गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखून नोंदवायचे, ही सक्ती बीएस-4 या प्रदूषणाच्या नियमांबरोबर आली. पहिला टप्पा 1 एप्रिल 2010 पासून, तोही आधी तेरा शहरांत. महाराष्ट्रातली त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर. मिसिंग ओळखणारा दुसरा टप्पा एप्रिल 2013 चा. तुमची गाडी 2009 ची. एखादा सेन्सर पूर्ण तुटला तर ती लाइट लावेल, पण ठिणगी हुकते आहे हे सांगायची तिच्याकडून अपेक्षा नाही. म्हणून ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर या कामासाठी घेऊ नका. गॅरेजमध्ये या गाडीला चालणारा स्कॅनर असेल तर एकदा जरूर लावा, पण त्यात काही आलं नाही तर लीड निर्दोष ठरत नाहीत.

आणि ईसीएम सगळ्यात शेवटी. खरं तर या दुखण्यात तो यादीतच नको. तो क्वचित जातो, आणि गेला तर गाडी सकाळ-दुपार बघून वागत नाही. जुन्या बाजारातून आणलेला ईसीएम बसवला की नवीच दुखणी मागे लागतात. त्याला स्पष्ट नाही म्हणा.

तोवर गाडी कमीत कमी चालवा. हुकलेल्या ठिणगीचं न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि तो इतका तापतो की आतली जाळी वितळून तुंबू शकते. मग हजाराच्या दुखण्याचं बिल कितीतरी पट होतं. झटके येत असताना समोर ट्रक आहे म्हणून ओव्हरटेकला निघू नका. कराड-पाटण रस्त्यावर समोरून येणारी वाहनं बघता, अर्ध्यात पिकअप गेला तर मागे यायलाही जागा मिळत नाही. चढावर हिसके सुरू झाले तर पाय आणखी दाबू नका, एक गिअर खाली घ्या आणि हलक्या पायाने चढा. इंजिनवरचं ओझं कमी झालं की ठिणगी पुन्हा लागते.

गणपतीला या दुखण्यासकट कुंभार्ली घाटात गाडी घालू नका. धुकं, सतत पाऊस, वळणांवर चढ, झटक्यांना हवं ते सगळं तिथे एकत्र आहे. काम दोन-तीन आठवडे आधी काढा, आणि नंतर एका ओल्या सकाळी पाटणपर्यंत चढावर जोर देऊन चालवून बघा. कोरड्या दुपारची चाचणी धरू नका, दुपारी तर गाडी आजही नीट चालते. सकाळी स्वच्छ ओढली तर खुशाल माहेरी जा. नाही झालं तर एसटी आहेच, आणि मला कुठल्या तपासणीत काय दिसलं ते कळवा, पुढचं बघू.

गाडी विकायची की ठेवायची, ते झटक्यांवरून ठरवू नका. झटके मारणारी गाडी बघायला येणारा माणूस इंजिन गेलं असं समजूनच भाव करतो, म्हणजे लीडच्या एका संचापायी तुम्ही कितीतरी जास्त घालवाल. ठेवण्याचा निर्णय पत्र्यावर करा. गाडी जॅकवर घेऊन खालचा पत्रा, चाकांजवळचे जोड आणि सस्पेन्शनच्या बैठका गंजल्यात का ते बघायला सांगा. पाटण भागातल्या पावसात जुन्या गाड्या आधी तिथेच जातात. त्याच फेरीत टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते सासऱ्यांना विचारा. आठवत नसेल तर बदललेला नाही असं धरून बदलून टाका, तो घाटात तुटला तर इंजिन जागीच थांबतं. पत्रा धड असेल आणि पंधरा वर्षांनंतरची आरसी नवी करून घेतलेली असेल, तर ती पाच वर्षांची असते. म्हणजे 2029 पर्यंत कागदांचीही अडचण नाही, आणि तेवढी वर्षं ही गाडी तुम्हाला शाळेत नेऊन आणेल.